राखमावशीचे दात

आमच्या कारखान्यात नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला कुणीतरी कानात सांगायचं, "ती बाई राख खाते." अगदी खात नसे, पण तोंडात घालायची हे खरं. भट्टीतून निघालेल्या राखेची चिमूट ती डाव्या तळहातावर घ्यायची, उजव्या हाताचं बोट त्यात बुडवायची आणि पुढच्या दातांवरून ते आडवं फिरवायची. मग तोंड मिटून खालचे दात वरच्या दातांवर अगदी हळू घासायची. त्या वेळी तिचे डोळे अर्धे मिटलेले असत आणि आजूबाजूला कुणी चकार शब्द काढलेला तिला चालत नसे. मग निकाल. एक तर पदरानं तोंड पुसून म्हणायची, "घे. मऊ हाय." नाहीतर बाजूला पचकन थुंकायची आणि म्हणायची, "कचकचते. मेली ही." मेलेली राख दिसायला कितीही देखणी असो, तिची गोण वेगळ्या कोपऱ्यात जायची. तिला सगळे राखमावशी म्हणत. खरं नाव हजेरीच्या पुस्तकात होतं, पण तिला त्या नावानं हाक मारली तर ती स्वतःच मागं वळून बघायची, कुणाला बोलावताहेत म्हणून.

मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा धावत जाऊन तिचा हात धरला होता. उल्हासनगरच्या कॉलेजातून एम.एस्सी. होऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते, आणि ती गोष्ट मी कुणाला विसरू देत नव्हते. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतली ही माझी पहिली नोकरी. "अहो मावशी, तोंडात काय घालता? केमिकल आहे ते!" तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "केमिकल कसलं गं, बाय? भाताचं तूस हाय. तू भात खात नाय का?" शेडमधली सगळी माणसं फिदीफिदी हसली. मला राग आला. मला राग फार लवकर येतो. तेव्हाही यायचा, आताही येतो, आणि या गोष्टीत त्याचा वाटा मोठा आहे.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे तिच्या दातांची किंमत कळेल. भाताचं रोप जमिनीतलं सिलिकॉन पाण्याबरोबर वर ओढतं आणि दाण्यावरच्या तुसात साठवतं. झोडणीच्या वेळी तूस अंगाला टोचतं, खाज सुटते, ती त्यामुळंच. तूस जाळलं की जी राख उरते ती बहुतेक सगळी सिलिका. ती वेसलमध्ये, म्हणजे मोठ्या टाकीत, गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात विरघळवायची, गाळायची, मग त्यात आम्ल सोडलं की दूध नासल्यासारखी सिलिका वेगळी होऊन खाली बसते. ती धुऊन, वाळवून चपलांच्या रबरी सोलमध्ये घालतात, म्हणजे सोल झिजत नाही. इतर लोक ही सिलिका वाळू आणि सोडा भयंकर आचेवर वितळवून काढतात. आमचे शेठ ती भाताच्या गिरणीमागं पडून सडणाऱ्या तुसातून काढणार होते.

पण त्यात एक गोम आहे. तूस मंद आचेवर जळलं तर सिलिका मऊ राहते आणि विरघळते. आच चढली की तिचे स्फटिक बनतात, म्हणजे सरळ भाषेत तिचा दगड होतो. मग दिवसभर उकळत बसा, ढिम्म विरघळत नाही. आणि वैताग असा, की डोळ्यांना यातलं काही कळत नाही. उलट दगड झालेली राख जास्त पांढरी, जास्त स्वच्छ दिसते. खरंखोटं सांगणारं क्ष-किरणांचं यंत्र आमच्याकडं नव्हतं. नमुना बाहेर पाठवायचा, आठ दिवसांनी रिपोर्ट यायचा. राखमावशीचा रिपोर्ट तिथल्या तिथं मिळायचा.

हे तिला कुठून आलं? तर राखुंडीतून. वांगणीच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याशी तिची वाडी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, दोन खाचरं भाताची. गिरणीतून तूस आणायचं, ढीग करून जाळायचं आणि दात घासायची राखुंडी करून आठवड्याच्या बाजारात विकायची, यात तिचा जन्म गेला होता. राखुंडी कचकचली तर हिरड्या सोलतात आणि गिऱ्हाईक तोंडावर येऊन शिव्या देतं. त्यामुळं विकण्याआधी प्रत्येक ढीग स्वतःच्या दातांवर घासून बघायची सवय. आमचे शेठ उल्हासनगरच्या कॅम्प चारचे सिंधी. तूस शोधत गिरणीवर गेले, तर मागं ही बाई धुमसत्या ढिगाशी बसलेली. त्यांनी सहज मूठभर राख कागदात बांधून आणली. त्यांच्या इंजिनिअरनं जाळलेली राख महिनाभर विरघळत नव्हती. हिची एका दमात विरघळली. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः गाडी घेऊन वाडीवर हजर. पुढं कारखाना बघायला कुणीही पाहुणा आला की शेठ त्याला आधी भट्टीपाशी नेत आणि म्हणत, "साईं, ये मेरी लॅबोरेटरी है." मग खरी लॅबोरेटरी दाखवत, म्हणजे मी. मला ते मुळीच आवडायचं नाही.

म्हणून मी एक वही घातली. एका बाजूला मावशीचा निकाल, दुसऱ्या बाजूला आठ दिवसांनी आलेला रिपोर्ट. हेतू चांगला नव्हता. मला तिची एक, फक्त एक चूक पकडायची होती. मावशीला वहीचा पत्ता लागला होता. चहाच्या वेळी मुद्दाम खिडकीतून डोकवायची. "आला का गं तुझा कागद? की अजून गाडीत हाय?" कागद यायचा आणि दर वेळी तिचंच खरं निघायचं. वर्ष होत आलं, वही भरली, चूक सापडली नाही. मी वही कपाटात टाकली आणि तिला एका शब्दानं काही बोलले नाही. 'मावशी, तू ग्रेट आहेस' एवढं म्हणायला काय जात होतं माझं?

भट्टीकडं ती कधी तोंड करून बसत नसे. पाठ करून बसायची. "डोले जाळाला भुलतात," म्हणायची, "पाठ भुलत नाय." पाठीला जसं ऊन लागतं तेवढीच ऊब लागली पाहिजे, पदर तापला की आच जास्त. ढीग कुणी काठीनं ढवळला तर अंगावर धावून जायची. हातात तूस घेऊन ते झिनी भाताचं की कोलमचं, आणि या सालचं की मागल्या सालचं, हे सांगायची. राखेबद्दल बोलताना पोटच्या पोरीबद्दल बोलावं तसं बोलायची. आज रुसलीय, आज गुणाची निघाली, हिला घाई केलीस तर ही बिघडेल.

माझ्यावर तिनं जीव का लावला, ते मला आजही कळलेलं नाही. माझ्यात जीव लावण्यासारखं तेव्हा काही नव्हतं. पण दुपारी डबा उघडला की माझ्या डब्यातली कोबीची भाजी बघून तोंड वाकडं करायची आणि आपल्या भाकरीवरचं सुकट माझ्या झाकणात ओतायची. "खा, वाळकी कुठली." काही दिवसांनी माझं 'अहो मावशी' गळून पडलं आणि मी तिला अगंतुगं करू लागले. माझ्यासाठी स्थळं बघत होते तेव्हा बदलापूरच्या शिरगावातल्या एका मुलाचा फोटो मी तिला दाखवला. बराच वेळ निरखून म्हणाली, "हसत का नाय ह्यो? दात दाखव म्हनावं." मी हसून सोडून दिलं आणि त्याच्याशीच लग्न केलं. नंतर बघते तर काय, पुढचा एक दात अर्धा तुटलेला! बाकी माणूस सोन्यासारखा आहे, पण हसताना ओठ मिटून हसतो तो आजतागायत.

मग शेठनी उघड्या भट्टीऐवजी विटांची बंदिस्त भट्टी बांधली. तिला हवा देणारा पंखा बसवला आणि पंख्याचं बटण माझ्या प्रयोगशाळेत, माझ्या टेबलाशेजारी आणलं. मावशी ते बटण बघायला आली. लांबूनच, हात मागं बांधून. "ह्ये फिरवलं की आच वाढते?" मी हो म्हटलं. "मंग मना शब्द दे. मना इचारल्याबगर ह्ये वाढवायचं नाय. काय बी झालं तरी." तिचा चेहरा इतका गंभीर होता की मला हसू फुटलं. मी तिच्या हातावर हात मारला आणि म्हटलं, "नाही वाढवणार, बस? देवाशप्पथ."

त्याच सुमाराला चपला करणारी एक मोठी कंपनी दाराशी आली. त्यांना असा सोल हवा होता ज्यात खनिज तेलातलं, खाणीतलं काही नको. झाडाचं रबर आणि तुसाची सिलिका. शेठना 'बायो' या शब्दानं झपाटलं होतं. आमचा पहिला नमुना मजबुतीत पास झाला, पण रंगात अडकला. सोल पिवळट दिसत होता आणि त्यांना पांढराशुभ्र हवा होता. कारण मला ठाऊक होतं. मंद आचेवर थोडा कोळसा राखेत राहतोच, त्यानं विरघळलेलं पाणी चहासारखं होतं आणि सिलिकेला पिवळी झाक येते. मावशीला विचारलं तर म्हणाली, "मऊ पायजे तर थोडं काळं राहू दे. दोन्ही नाय मिळायचं." शेठ मात्र रोज येऊन टेबलावर बोटं वाजवायचे. "मॅडम, सफेद. सफेद चाहिये मेरेको." दुसरा नमुना पास झाला तर वर्षभराचं काम मिळणार होतं. भट्टीवरच्या सगळ्यांची नोकरी त्यावर अवलंबून होती आणि माझं नाक तर होतंच.

नेमकं तेव्हाच मावशीचं भात कापणीला आलं. आभाळ भरून यायला लागलं होतं, पीक उभं होतं, आणि ही भट्टी सोडायला तयार नव्हती. मीच तिला म्हटलं, "जा गं तू बिनधास्त. चार दिवस मी बघते."

"शेठला सांगशील?"

"सांगते."

"नक्की?"

"अगं हो, सांगते म्हटलं ना!"

सांगितलं नाही. मुद्दाम नाही, खरंच डोक्यातून गेलं. आणि ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बटण फिरवलं. किंचितच. माझ्या समोरच्या काट्यावर आच मर्यादेतच दिसत होती. तो काटा भट्टीच्या भिंतीपाशी बसवलेला होता आणि ढिगाच्या पोटात काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं, हे लक्षात घ्यायला एम.एस्सी.सुद्धा लागत नाही. पण राख काय निघाली म्हणता! खडूसारखी पांढरी, एकही काळा कण नाही. मी हरखून गेले. शेठना फोटो पाठवला, त्यांनी लागोपाठ चार वेळा 'चकाचक' लिहून पाठवलं.

पाचव्या दिवशी मावशी आली ती नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन. ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि सरळ गोणीपाशी गेली. चिमूट घेतली, बोट फिरवलं, डोळे मिटले. थुंकली. परत चिमूट घेतली, परत थुंकली. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "बाय, बटनाला हात लावलास?"

तिनं मला झाकून विचारलं होतं. मी सगळ्यांसमोर ओरडले. "तुम्ही आता हा राख चाखायचा प्रकार बंद करा. कारखाना तुमच्या दातांवर चालत नाही!" 'तुम्ही' म्हटलं मी तिला, इतक्या दिवसांनी. तिनं खालमानेनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "नको घालू ही वेसलमधे. वाया जाईल." मी पोरांना गोणी उचलायला सांगितल्या. संध्याकाळी भिंतीवर एक पाटीही लावली, 'राख तोंडात घालू नये'. अक्षर माझंच होतं.

पुढचं काय सांगू? राख दिवसभर कॉस्टिकमध्ये उकळली. निम्मी विरघळली, निम्मी वाळूसारखी तळाला बसली. ढवळणारं पातं अडकलं, पंप चोंदला, दुसरा नमुना गेलाच नाही. कंपनीनं आठवडाभर वाट पाहिली आणि दुसऱ्याकडं गेली. शेठ शेडमध्ये आले तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद होता. तळातला तो गाळ त्यांनी मुठीत घेतला आणि जमिनीवर आपटला.

"भट्टी पे कौन था?"

मग कुणीतरी चाचरत म्हणालं, मावशी चार दिवस नव्हती म्हणून.

"नहीं थी? किसको पूछ के गई? मेरा इतना बडा काम, और ये भट्टी छोड के अपना खेत काटने गई!"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. दात घासून निकालाची वाट बघताना जशी दिसायची तशी, थांबून. मी पंपाकडं बघत राहिले. माझ्या डोक्यात तेव्हा एकच चाललं होतं. शेठ मला घेताना म्हणाले होते, 'कारखान्यात लडकी पहली बार रख रहा हूँ.' आता म्हणतील, उगाच ठेवली. लग्न ठरलं होतं, फ्लॅटचं चाललं होतं, नोकरी गेली तर काय तोंड दाखवू? हे सगळं डोक्यात एका झटक्यात येऊन गेलं आणि तोंडाला कुलूप बसलं.

"व्हय शेठ," मावशी म्हणाली. "मी गेले व्हते. कापनीला." तिनं पिशवी उचलली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चालायला लागली. गेटपाशी ती उभी राहिल्याचं मला खिडकीतून दिसलं. चपलेचा अंगठा तुटला असेल असं मी स्वतःला सांगितलं. मग गेली. शेठनी तिला परत बोलावलं नाही. भट्टीचा विषय निघाला की म्हणायचे, "भरोसे का आदमी नहीं मिलता. उस बाई को देखो, सर पे बिठाया था."

तो तांदूळ मी घरी नेला. आईनं शिजवला, मी जेवले. चांगला वासाचा तांदूळ होता.

त्यानंतर आमचं बरं चाललं. दुसरी कामं मिळाली, गॅसची भट्टी आली, तिच्या पोटात चार ठिकाणी तापमान मोजणारे काटे आले. आज तुसातल्या सिलिकेला मागणी इतकी आहे की तूस पुरत नाही. मी गुणवत्ता विभागाची प्रमुख आहे. बाहेरगावचे लोक येतात, त्यांना मी पडद्यावर चित्रं दाखवून सांगते, की आम्हाला अनुभवातून असं आढळलं की आच मंद ठेवणं हेच सगळ्यात महत्त्वाचं. 'आम्हाला' म्हणते मी. लोक वहीत लिहून घेतात. दर वेळी ते वाक्य बोलताना माझी जीभ जड होते आणि दर वेळी मी ते बोलते.

गेल्या वर्षी नवऱ्याच्या मित्राच्या फार्महाऊसवर वांगणीला गेलो होतो. सगळे जेवून लवंडले आणि मी रिक्षा करून वाडीवर गेले. पर्समध्ये आमच्या भट्टीतल्या राखेची छोटी बाटली होती. ती का नेली होती ते विचारू नका. रिकाम्या हातानं जायची हिंमत नव्हती असं म्हणा. स्वस्त फ्लॅटच्या इमारती पार वाडीच्या कडेला येऊन टेकल्या होत्या. मावशी ओट्यावर बसली होती, पाठ उन्हाकडं करून. मी "मावशी" म्हटलं, तशी मान न वळवता म्हणाली, "आली का गं तुझी कागदाची गाडी?" मला रडूच फुटलं.

बाटली बघून ती लहान पोरीसारखी खूश झाली. चिमूट तळहातावर घेतली, बोट बुडवलं, तोंडापर्यंत नेलं आणि थांबली. मग जोरात हसली. तेव्हा मला दिसलं. तोंडात एकही दात नव्हता. "कशावर घासू गं? सगळे गेले." तिनं तळहात माझ्यापुढं धरला. "तू लाव."

मी लावली. ज्याच्यावर पाटी लावून बंदी घातली होती, ते आयुष्यात पहिल्यांदा केलं. डोळे मिटले, दात हळू घासले. मावशी श्वास रोखून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"काय म्हनते?"

"कळत नाही, मावशी."

"कचकचते का मऊ हाय?"

"खरंच कळत नाही गं."

तिनं मान हलवली. "येकदा तरी लावून बघायची व्हतीस. मी व्हते तवर."

मग मी सगळं सांगून टाकलं. बटण, विसरलेला निरोप, पंपाकडं बघत राहणं. ती ऐकत ऐकत लुगड्यावर सांडलेली राख झटकत होती. "मना ठाव हाय ते. राख तोंडात घेतली तवाच कळलं."

"मग बोलली का नाहीस शेठसमोर?"

"तू बोलशील म्हनून थांबले व्हते. गेटपाशी पन थांबले जरा."

मग तिनंच विचारलं, "अजून नाय ना सांगितलंस त्याला?" मी मान हलवली. "मंग सांग. माझं दुसरं काय नाय. मी भट्टी टाकून गेले, असं तो म्हनतो, गिरनीवाल्यानं सांगितलं मना. मी सांगून गेले व्हते. आनी माझ्या हातची राख कधी मेली नाय. येवढं सांग त्याला."

"सांगते."

"नक्की?"

"नक्की, मावशी."

हा माझा तिला दिलेला तिसरा शब्द. परतताना पक्कं ठरवलं होतं, सोमवारी पहिलं काम हेच. सोमवारी तपासणीवाले आले. मग शेठची अँजिओप्लास्टी झाली. त्यांना त्रास कशाला, म्हटलं. मग दिवाळी. मग मुलाच्या परीक्षा. कारणांना काय तोटा? रोज शेठच्या केबिनवरून जायची आणि रोज काचेतून त्यांना नमस्कार करून पुढं जायची. चार-पाच महिने असे गेले. एके दिवशी गिरणीवाल्याचा फोन आला, तुसाची गाडी उशिरा येतेय म्हणून. बोलता बोलता म्हणाला, "अहो मॅडम, तुमची ती राखवाली गेली ना. पंधरा दिवस झाले. तुम्हाला कळलं नाही?"

फोन ठेवला आणि तशीच केबिनमध्ये शिरले. दार वाजवायचंही भान नव्हतं. शेठ औषधाच्या गोळ्या मोजत होते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मावशी मला विचारून गेली होती, निरोप मी दिला नाही, आच मी वाढवली, तिनं राख घालू नको म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तिच्या हातची राख कधी मेली नाही, हेही सांगितलं, तिच्याच शब्दांत. शेठनी चष्मा काढला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तू थी?"

"हो शेठ."

"तो तभी बोल देती ना, बेटा. तेरेको थोडी निकालता मैं? दो गाली देता, शाम को चाय पिलाता. बस, इतनी ही तो बात थी."

एवढीच गोष्ट होती. शेठनी गोळ्यांची डबी बाजूला सारली आणि टेबलावरची घंटी दाबली. त्यांचा चेहरा उजळला होता. नवी भट्टी बांधली त्या वेळी दिसायचा तसा. "ड्रायव्हर को बोल, गाडी निकाले. तू खुद जा, साथ में मिठाई लेके जा. बोल, शेठ ने बुलाया है. काम नहीं करना, खाली बैठने का भट्टी के पास, कुर्सी लगा के. मेरी लॅबोरेटरी है वो."

ती गेली, हे मी त्यांना अजून सांगितलंच नव्हतं.